काळा डगला

आमच्या बेळगावच्या स्नेह्याने दहा वर्षांची वकिली सोडून बेंगळुरूत एका गुंतवणूक संस्थेत नोकरी धरली. पूर्णवेळ पगारी नोकरीमुळे सनद स्थगित ठेवावी लागली आणि वडिलांनी अबोला धरला. ‘अशील टाकून सट्ट्यामागे लागला’, हे त्यांचे म्हणणे.

आम्ही पडलो कारकून. पेन्शनच्या हप्त्यापलीकडे आमची गुंतवणूक नाही! तरी जे.सी. रस्त्यावरील कॅनरा बँकेच्या मुख्य कचेरीवरून जाताना वाटते, हीही एका वकिलाचीच उभारणी. मंगळूरचे वकील अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी १९०६ साली ‘कॅनरा हिंदू पर्मनंट फंड’ काढला. ते १९०९ मध्ये निवर्तले. फंडाची बँक १९१० साली झाली. लोकांची पुंजी सांभाळणे त्यांना वकिलीस कमीपणा आणणारे वाटले नसावे. हे वडिलांना लिहा, असे आम्ही स्नेह्यास सुचविले. पत्र अद्याप गेलेले नाही.