मीटर काही मागत नाही

कोंडाईबारीचा घाट अर्धा उतरलो आणि लक्षात आलं, की आमचं घर आम्हाला मागून ढकलतंय.

घर म्हणजे स्कॉर्पिओच्या मागे जोडलेला कॅम्पर. दोन चाकं, झोपायला फळी, एक शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी. निवृत्तीनंतरचा पहिला मोठा खर्च आणि बायकोच्या मते शेवटचा. त्याला विजेवर चालणारे ब्रेक होते. मागे ओढायच्या गाडीला आपल्याकडे असे ब्रेक क्वचितच दिसतात, त्यामुळे भेटेल त्याला मी ते कौतुकाने समजावून सांगत असे. स्टिअरिंगखाली एक छोटी डबी असते. आपण ब्रेक दाबला की ती मागे वीज सोडते. कॅम्परच्या प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आपल्याबरोबर एक दांडी ओढतो आणि दांडी ब्रेक शू ड्रमवर दाबते. पुढची गाडी थांबायला लागते तेव्हा मागची स्वतःहून थांबते. निदान तसं ठरलेलं असतं.

धुळ्यातल्या एका मैदानावर मी हे सगळं तपासून घेतलं होतं. कॅम्पर रिकामा, वेग पंचवीसचा, ब्रेक झकास. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाद्या, भांडी, डाळ-तांदूळ आणि भरलेली टाकी घेऊन आम्ही सुरतेकडे निघालो. कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल. दहिवेलपर्यंत रस्ता आपला, हवा गार. मग घाट लागला.

दुसरा गिअर टाकला तरी पाठीत धक्का बसायचा. ब्रेक दाबला की गाडी क्षणभर हळू व्हायची आणि मग मागून पुन्हा रेटा. लायनरचा करपल्यासारखा वास काचेतून आत आला. बायको काही बोलली नाही. तिने वरची कडी धरली होती, तेवढं बोलणं पुरेसं होतं.

विसरवाडीला गाडी बाजूला घेतली. चाकांजवळ हाताची पाठ नेली. स्कॉर्पिओची चाकं शेगडीसारखी तापलेली, कॅम्परची हळदीकुंकवाला ठेवलेल्या नारळासारखी गार. म्हणजे सगळा घाट एकटी पुढची गाडी थांबवत आली होती. डबीवरचा दिवा मात्र शांतपणे सांगत होता, की कॅम्पर जोडलेला आहे आणि सर्व क्षेम आहे.

तिथून पुढे सपाटी होती. चाळिशीच्या वेगाने निघालो. नवापूर आलं. इथल्या रेल्वे स्टेशनातूनच राज्यांची सीमा जाते, निम्मं स्टेशन महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरला इथूनच गेला. बार्डोली, नवापूर ही नावं त्याच्या प्रवासवर्णनात आहेत. त्याच्या काळी इथून माल बैलगाड्यांनी जायचा. उतारावर बैलांच्या मानेवर येणारा जुवाचा रेटा कसा असेल, ते त्या दिवशी मला पाठीतून कळलं होतं.

व्यारा ओलांडल्यावर एका ढाब्यावर थांबलो आणि मी बाह्या सरसावल्या. आधी डबीवरचा जोराचा आकडा पाचवरून नवावर नेला. फरक शून्य. मग जॅक लावून ड्रमच्या मागच्या फटीतून पेचकस घातला, दातेरी चाक फिरवून शू जवळ आणले. फरक शून्य. शेवटी मीटर काढला. दोन्ही चुंबकांच्या तारा सोडवल्या, त्यांच्याकडे येणाऱ्या वायरींना मीटरच्या सुया लावल्या आणि बायकोला ब्रेक दाबायला सांगितलं. १२.४ व्होल्ट! वीज पुरेपूर येत होती. मी निकाल दिला: चुंबक गेले. परदेशी माल, आता मागवायला महिना. बायकोने विचारलं, "दोन्ही एकदमच गेले?" मी उत्तर दिलं नाही.

बार्डोलीच्या आसपास उसाचा हंगाम भरात होता. या पट्ट्यात ऊसतोडीला डांगातून आणि आपल्या नंदुरबार-धुळ्यातून माणसं येतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. दोन माणसं मिळून एक अवजार. उसाने लादलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढे डुलत चालला होता आणि त्याला ओलांडायची हिंमत माझ्यात नव्हती. कडोदऱ्यापासून शहराची गर्दी सुरू झाली. पाच-पाच मीटरवर ब्रेक, प्रत्येक ब्रेकला पाठीत एक गुद्दा.

उधन्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. यंत्रमागांची खटखट, साड्यांच्या गठ्ठ्यांनी फुगलेले टेम्पो, उत्तरायण आठवड्यावर आल्यामुळे रस्त्याकडेला गुलाबी लगदा लावून सुकत घातलेला मांजा. मोटारसायकलींच्या हँडलवर गळा वाचवायला वाकवलेल्या तारा लावलेल्या. पाट्या गुजराती, पण कानावर येणारी बोली घरची. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेश पिढ्यान्‌पिढ्या येऊन राहिला आहे. शिवाजी महाराज ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेवर आले तेव्हा त्यांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत होता. खानदेशाकडे तोंड केलेला तो दरवाजा. नंतरची माणसं पोट घेऊन आली आणि इथलीच झाली.

इथल्याच एका टपरीवजा दुकानात ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला. चाळिशीचा, मूळ शिरपूरकडचा. कॅम्परभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "काय व्हयनं काका?"

मी चुंबकांपासून निकालापर्यंत सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि त्यातलं काहीही मनावर घेतलं नाही. मला ब्रेक दाबायला लावून तो मागे उभा राहिला. "ब्रेक दाबला की तुमची टेललाइट मंद होते. पाहिलं होतं का कधी?" मी कसा पाहणार, मी पुढे बसलेला.

मग त्याने कॅम्परचा सात पिनांचा प्लग गाडीतून उपसला आणि कपलरजवळची एक पिन ओढली. कॅम्पर चालता चालता सुटला तर ही पिन निघते आणि कॅम्परमधल्या छोट्या बॅटरीवर ब्रेक लागतात. जॅकवर उचललेलं चाक हाताने फिरवलं तर जागचं हलेना. दुसरंही तसंच. "चुंबक चांगले, शू चांगले," तो म्हणाला. माझा महिन्याचा खोळंबा त्याने दोन मिनिटांत मिटवला.

पिन परत बसवून त्याने एक जुना हेडलाइटचा बल्ब आणला, साठ वॅटचा, दोन वायरी जोडलेला. गाडीच्या सॉकेटवर लावला आणि मला ब्रेक दाबायला सांगितलं, लख्ख पेटला. प्लग जोडून तोच बल्ब चुंबकाच्या वायरींवर लावला, तर देवघरातल्या समईसारखा पिवळा. मी घाईने मीटर पुढे केला, "पण इथे तर १२.४ येतात!"

तो हसला. "मीटर काही मांगस नही, म्हनीसन त्याले बठं बराबर दिखस."

मीटर काही मागत नाही, म्हणून त्याला सगळं ठीक दिसतं. चुंबक मात्र मागतो. बारा व्होल्टवर एकेक सुमारे तीन अँपियर, दोघांचे मिळून सहा. वाटेत गंजाचा दोन ओहमचा जरी अडथळा असला तरी दोघांच्या वाट्याला सहाऐवजी तीनच येतात. मीटर जवळजवळ शून्य प्रवाह घेतो, त्याला हा अडथळा जाणवतच नाही.

त्याने गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर ओढत आणली आणि बल्बच्या परतीच्या टोकाला टेकवली. बल्ब लख्ख. म्हणजे वीज जात होती नीट, परतत नव्हती. तो कॅम्परखाली आडवा झाला आणि टॉर्चच्या उजेडात त्याने बोट दाखवलं. अर्थची वायर चेसिसला एका स्क्रूने कसलेली, खाली रंगाचा जाड थर, त्यावर तांबूस गंज. सगळी वीज ग्रीस माखलेल्या हूकच्या गोळ्यातून जमेल तशी परत येत होती.

"हे कोणी बसवलं?"

मी बसवलं होतं. दिवाळीत, रंगाचा डबा संपवायचा म्हणून आधी चेसिस रंगवून. ऐपतीबाहेरच्या चुंबकांवर आळ घेऊन मी आठ आण्याच्या स्क्रूला सोडून दिलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्याने प्लगच्या अर्थ पिनपासून चुंबकांपर्यंत नवी जाड वायर स्वतंत्र ओढली, टोकाला थिंबल दाबून डाग दिला, चेसिसचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवला, नटबोल्ट आवळून वर ग्रीस फासलं. मी रस्त्यावर चक्कर मारून बघतो म्हटलं आणि गाडी हलकी करावी म्हणून टाकीचा नळ सोडायला गेलो. त्याने हात धरला. "पाणी राहू द्या काका. रिकाम्या गाडीला कुणीही थांबवतं."

धुळ्याचं मैदान डोळ्यांसमोर आलं. मी तरी वेगळं काय केलं होतं? मीटरसारखंच, काही न मागता तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी डुमसच्या रस्त्यावर भरल्या टाकीने ब्रेक दाबून पाहिले. पाठीत धक्का नाही. संध्याकाळी पोंक खाल्ला. आपल्या हुरड्याचा हा सुरती भाऊ, कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, असं इथले लोक म्हणतात. काशीचं माहीत नाही, आदल्या दिवशी घाटात थोडक्यात वाचलो होतो.

परतीचा रस्ता मात्र चढाचा. सुरतेहून देशावर जाताना घाट चढायचा असतो आणि चढाला ब्रेक कोण विचारतो? कोंडाईबारीच्या माथ्यावर पोचलो आणि मी गाडी उभी केली. वळायला जागा शोधू लागलो.

"आता काय?" बायकोने विचारलं.

"पुन्हा खाली."

तिने टाकीचा काटा बघितला, भरलेली होती. मग कडी न धरता मांडीवर हात ठेवून बसली. विसरवाडीला त्याच जागी उतरलो, चाकाजवळ हाताची पाठ नेली. कॅम्परचा ड्रम चांगला गरम होता.