जर्मलचा टोप

आमचं ऑफिस वडप्याला. म्हणजे भिवंडी, नाशिक हायवे आणि गोडाऊनच गोडाऊन! दिवसभर ट्रक मोजायचे, चलनं तपासायची. मागच्या वर्षी जर्मन क्लाएंटचं काम आलं आणि बॉस म्हणाला, थोडं जर्मन शीक. इन्क्रिमेंटच्या आशेने लावला क्लास.

पहिल्याच दिवशी गोची. जर्मन माणूस स्वतःच्या भाषेत स्वतःला जर्मन म्हणतच नाही, ‘डॉइच’ म्हणतो! ‘जर्मन’ हे लॅटिनमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आलेलं नाव. ‘डॉइच’ मात्र घरचं. जुन्या जर्मनमध्ये ‘डिओट’ म्हणजे लोक, त्यावरून ‘डिउटिस्क’, म्हणजे लोकांचं. पंडितांची ती लॅटिन, साध्या माणसांची ती डॉइच. इ.स. 786च्या एका लॅटिन पत्रात हा शब्द भेटतो, तोही भाषेसाठी. माणसांना आणि देशाला तो नंतर चिकटला.

हे ऐकताना मला आजी आठवली. ॲल्युमिनियमला ती आयुष्यभर ‘जर्मल’ म्हणाली. कॉलेजात असताना मित्र घरी आले होते. आजी म्हणाली, “जर्मलच्या टोपात चहा ठेवलाय, ओतून घे.” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “अगं आजी, ॲल्युमिनियम! जर्मनी हा देश आहे.” सगळे हसले. आजीपण हसली. पण त्यानंतर माझे मित्र आले की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

आणि ती चुकली नव्हतीच, राव! तांबं, निकेल आणि जस्त यांचा पांढरा मिश्रधातू ‘जर्मन सिल्व्हर’ नावाने बाजारात आला. त्यात चांदी औषधालाही नाही, पण नाव झोकात. पुढे पांढरंशुभ्र, हलकं ॲल्युमिनियम घरोघरी आलं, तर लोकांनी त्यालाही जर्मन म्हटलं आणि बोलता बोलता ‘न’चा ‘ल’ केला. पैठणी, कोल्हापुरी, तसंच हे जर्मल. शब्द घडवला कोणी? लोकांनी. ‘डॉइच’चा अर्थ तरी दुसरा काय?

आजी आता नाही. नवीन भांडी आली तेव्हा आईने तो टोप भंगारात काढला होता, मी उचलून परत आणला. बूड काळं, कडेला पोचा. रविवारचा चहा त्यातच होतो. परवा क्लासमधले दोघं घरी आले. “हे कसलं रे भांडं?”

“जर्मलचं,” मी म्हटलं.

दोघं हसले. मी चहा गाळला.