गरम, तरी ओल्या चादरी

उज्जैनला श्रावण दोनदा येतो, असं आमचे मामा म्हणतात. इथला सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. महाकालाची सोमवारची सवारी दोघांचाही मान राखते. इकडे भादो लागला तरी निघतच राहते. देवास गेटला बसस्टँडजवळच्या गल्लीत मामांचं लॉज आहे. त्यांच्या लेखी या पंचांगाचा अर्थ सरळ आहे: ऐन पावसाळ्यात दीड महिना खोल्या रिकाम्या राहत नाहीत आणि चादरी वाळत नाहीत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुलं झालं, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. भस्म आरतीची मंडळी मध्यरात्रीच उठून जातात, सकाळी खोली सोडतात, आणि दुपारच्या आत पुढचे पाहुणे बॅगा घेऊन दारात. माळव्याच्या उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता कडकडीत होते. पावसाळ्यासाठी म्हणून मामांनी ड्रायर घेतला. हिवाळ्यात तासाभरात वाळून निघणारी खेप सावनात अडीच तास घ्यायला लागली. वर चादरींना कुबट वास.

मेकॅनिक आला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “हीटर कमज़ोर हो गया, साहब. नया डाल देते हैं.” मामांचा हात खिशाकडे गेला होता. मी म्हटलं, “मामा, जरा थांबा.” मशीन चालू असताना मध्येच दार उघडलं, तर वाफेचा भपका तोंडावर आला. चादर चांगली गरम होती, आणि दमटही. हीटर आपलं काम करत होता. अडलं होतं ते पाणी बाहेर जायचं.

ड्रायर म्हणजे कपडे भाजायची भट्टी नव्हे. गरम हवा कापडातलं पाणी उचलते, पंखा ती हवा पाइपातून बाहेर ढकलतो आणि खोलीतली नवी हवा आत येते. ही ये-जा मंदावली की हीटर कितीही तापला तरी कपडे आपल्याच वाफेत बसून राहतात.

पहिली शंका ड्रायरच्या लव अडवणाऱ्या जाळीवर. धुलाईचं बघणाऱ्या काकू ती रोज झटकायच्या. दिसायला लख्ख होती. नळाखाली धरली, तर पाणी खाली पडेना, जाळीवरच थबकलं. कपडे मऊ राहावेत म्हणून घालतात त्या द्रवाचा पातळ थर तिच्यावर बसला होता. डोळ्यांना दिसत नाही, पण हवा अडवतो. कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासल्यावर पाणी आरपार जाऊ लागलं. वेळ थोडा कमी झाला, पण थोडाच.

मग गच्चीवर जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरला. तिथे जोराचा झोत यायला हवा. आला जेमतेम फुंकरीएवढा. पाइप वेटोळ्यांचा, प्लास्टिकचा, जिना चुकवत तीन वळणं घेऊन वर नेलेला, आणि मधे झोळीसारखा लोंबलेला. तो सोडवून उलटा केला तर आधी गढूळ पाणी सांडलं, मागोमाग कापसाच्या लवेचा मनगटाएवढा ओला बोळा. पावसाळ्यात पाइप गार असतो. आतल्या हवेतलं पाणी तिथेच सुटतं, लोंबलेल्या भागात साचतं आणि जाळीतून निसटलेली लव त्याला चिकटत जाते. हीच लव कोरडी झाली की चटकन पेट घेते, त्यामुळे प्रश्न नुसत्या वेळेचा नव्हता. मामांनी पत्र्याचा गुळगुळीत पाइप बसवून घेतला: भिंतीतून थेट बाहेर, एकच वळण, उतार बाहेरच्या अंगाला.

खोलीचं दारही बंद असायचं. हवा बाहेर फेकायची तर तेवढी आत यायला वाट हवी, म्हणून दाराला खाली झरोका केला. संध्याकाळी गल्लीत सगळीकडे मोटारी आणि गीझर सुरू झाले की व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १९० आलं तर हीटरची ताकद १७ नव्हे, जवळपास ३२ टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. आता ड्रायर सकाळी लवकर लागतो.

सगळ्यात स्वस्त उपाय काकूंनी सुचवला: “आधी वॉशिंग मशीनमध्ये दोनदा पिळून घेऊ या की!” हिशेबही त्यांच्याच बाजूने आहे. लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट वीज लागते, तीही काही वाया गेली नाही तर. तेच पाणी पिळून काढायला त्याचा किरकोळ अंश पुरतो.

सावनातही खेप आता सव्वा तासात निघते. हीटर जुनाच आहे. शेजारचे लॉजवाले येऊन विचारतात, कुठल्या कंपनीचा ड्रायर घेऊ? मामा त्यांना आधी विचारतात, “पाइप कुठून काढणार, ते दाखव.”