ट्रकच्या आडोशाला

आषाढात बंगळूरहून कोल्हापूरकडे निघालं की हिरियूरनंतर वारा डावीकडून लागतो. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच नाहीत. गाडी किंचित डावीकडे कलती ठेवायची, एवढं अंगवळणी पडलेलं. घोडं अडतं ते ट्रकला ओव्हरटेक करताना. त्याच्या आडोशाला शिरलो की वारा एकदम बंद, आणि वाऱ्यावर रेललेली गाडी ट्रकच्याच चाकांकडे जाते. केबिन मागे पडली की तोच वारा थाडकन येऊन डिव्हायडरकडे ढकलतो. तीस वर्षं मी हे मनगटावर निभावलं आणि त्याची फुशारकीही मारली.

माझी जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला. २०१९च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हा मी हसलो होतो. ब्रेक बोटांत असतो म्हणे! आता तीच बोटं सकाळी मिटत नाहीत. घरी बोललो नाही. रविवारी पहाटे नंदी हिल्सला पळणाऱ्या पोरांना तर मुळीच नाही; हेल्मेटवर कॅमेरा, हनुवटीचा पट्टा लोंबता, त्यांना काय सांगायचं?

गेल्या आषाढात भाची तिच्या गाडीवर मागे होती. दावणगेऱ्यात बेण्णे डोसा खाताना म्हणाली, "मामा, ट्रक आला की तुझे खांदे कानाला लागतात."

"वारा होता."

"वारा मलाही होता."

डोसा गार झाला. खरं तर हे मीच तिला शिकवलं होतं: टाकी गुडघ्यांत धर, कोपरं सैल सोड. झोत बसतो छातीवर, पण हात ताठ असले की तो थेट हँडलमध्ये उतरतो आणि गाडी आपणच हलवतो, शिव्या मात्र वाऱ्याला. कळतं सगळं. ट्रकची मागची चाकं शेजारी आली की बोटं आवळतात, आणि आवळली की लवकर सुटत नाहीत.

१ ऑगस्ट २०२३ला म्हैसूर एक्सप्रेसवेच्या मुख्य मार्गावर दुचाकींना बंदी आली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो होतो. सर्व्हिस रोडवर उलटा येणारा ट्रॅक्टर काय कमी धोक्याचा? मत अजून तेच आहे. आवाज तेवढा राहिलेला नाही.

हावेरीपुढे एक कांद्याचा ट्रक लागला. उजवी लेन मोकळी होती. मी अंतर ठेवून आठेक किलोमीटर त्याच्या मागेच राहिलो. आरशात भाची दिसत होती. तिने हॉर्न दिला नाही.