कळसूबाईच्या लोखंडी शिड्या

युरोपातील आल्प्स पर्वतात ‘व्हिया फेराटा’ नावाच्या वाटा आहेत. या इटालियन शब्दांचा अर्थ लोखंडी वाट. उभ्या कड्यात लोखंडी पायऱ्या व शिड्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या बाजूने पोलादी दोर ताणलेला असतो. ऑस्ट्रियातील डाखस्टाइन शिखरावर १८४३ मध्ये अशी सोय झाली. पुढे पहिल्या महायुद्धात इटलीच्या डोलोमाइट पर्वतात सैनिकांनी शिड्या व दोर लावले. आज तेथे नवशिक्यांसाठीही सोप्या वाटा आहेत. प्रवासी कमरेला पट्टा बांधतो, त्याच्या दोन कड्या पोलादी दोरात अडकवतो आणि एक कडी सोडवताना दुसरी अडकलेलीच ठेवतो.

आपल्याकडे या प्रकाराला सर्वांत जवळची वाट महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर, कळसूबाईवर आहे. उंची १६४६ मीटर. पायथ्याचे बारी हे गाव अकोले तालुक्यात आहे. वाशिम जिल्ह्यातील वाचकांना आता तेथे जाणे सुलभ झाले आहे. कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावकडून समृद्धी महामार्गाला लागून इगतपुरीच्या बाजूस उतरावे व घोटीमार्गे भंडारदऱ्याचा रस्ता धरावा. बारी त्याच रस्त्यावर लागते. भंडारदऱ्यास मुक्काम करून पहाटे चढाई सुरू करणे उत्तम.

निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात आम्ही चौघे तेथे गेलो. प्रारंभी वाट शेतांमधून जाते. पुढे दगडी चढ लागतो आणि जेथे कातळ उभा होतो, तेथे लोखंडी शिडी येते. बाजूंना कठडे आहेत, पायऱ्या भक्कम आहेत. वर पाहत चढलो तर भय वाटत नाही. मधेच मागे वळून दरी पाहिली की मात्र गुडघे आपले वय सांगू लागतात. गावातील एक तरुण वाटाड्या सोबत होता. तो एवढेच म्हणाला, “काका, हातात काही धरू नका. दोन्ही हात शिडीला द्या.” मोबाईल खिशात गेला, काठी त्याच्याकडे गेली.

दुसऱ्या शिडीपाशी सौभाग्यवती थांबल्या. “माझे शिखर येथपर्यंतच,” असे त्यांनी शांतपणे सांगितले. कन्या त्यांच्याजवळ थांबली; जावई आणि मी पुढे गेलो. खाली आल्यावर पाहिले, तर मायलेकी एका झोपडीच्या सावलीत गावातील एका आजींशी कळसूबाईच्या कथेविषयी बोलत बसल्या होत्या. केर-भांडी करणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली कळसू ही मुलगी. अट मोडली गेली तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली, अशी जनश्रुती आहे. शिखरावरील लहानसे मंदिर तिचेच. तेथून भंडारदऱ्याचा जलाशय आणि अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग दिसतात.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक तुलना सुचते. आल्प्समधील दोर म्हणजे तारण आहे. पाय निसटला तरी कमरेचा पट्टा माणसाला धरून ठेवतो. कळसूबाईवर शिडी आहे, पण आपल्याला तिच्याशी बांधणारे काही नाही. हा विनातारण व्यवहार आहे. येथे सारी भिस्त आपल्या हातापायांवर आणि आपल्या विवेकावर. उत्तम व्यापारी कर्ज मिळते म्हणून उचलत नाही, फेडण्याची ऐपत पाहून उचलतो. शिडीचेही तसेच आहे. ‘एवढ्या लांब आलो आहोत, आता वर गेलेच पाहिजे’ हा हिशेब चुकीचा. कारण चढणे हा अर्धाच व्यवहार, उतरणे बाकी असते.

म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी काही सूचना. पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, जाणे टाळावे. लोखंड व कातळ निसरडे होतात, शिडीवर गर्दीची रांग लागते आणि मागच्याच्या घाईने पुढच्याचा तोल जातो. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात. त्या काळात वाटेवर जीवजंतूंची संख्या फार असते, हेही आपण ध्यानी घ्यावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. हृदयविकार, चक्कर किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. शिडीवर मुलाच्या मागे एक मोठा माणूस असावा; उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे. पकड असलेले बूट, गाळलेले पुरेसे पाणी आणि खाखरा-दशमीचा डबा जवळ ठेवावा. गावात कांदा-लसूणविरहित जेवण हवे असेल तर आदल्या दिवशीच सांगावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी परतीची वेळ त्याप्रमाणेच ठरवावी. अंधारापूर्वी पायथा गाठणे सर्वांच्याच हिताचे.

आणि घरातील कोणी मध्येच थांबतो म्हणाले, तर त्याला आग्रह करू नये. त्याच्याजवळ एकाने थांबावे, बाकीच्यांनी सावकाश पुढे जावे.