बोटीवरची मोरी
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वार्षिकांकात पाऊस येतो, आई येते, पहिले प्रेम तर दरवर्षी येते. पण मोरीवर कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. मी लिहिणार आहे, तेही बोटीवरच्या मोरीवर.

माझे बाबा खलाशी आहेत. मांडव्याजवळच्या आमच्या गावातून अकरा वर्षांपूर्वी ते मुंबईस गेले आणि गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या एका खासगी बोटीवर कामाला लागले. बोट धुणे, दोर पाहणे, इंजिन पुसणे, पाहुणे आले की चहा देणे. बाबांचे शिक्षण सातवीपर्यंत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सर्व काही येते असा त्यांचा समज आहे. तो मी अद्याप मोडलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "पोरा, दोन दिवस इकडे ये. इंग्रजी वाचायचं काम आहे."

बोटीवर पाहुण्यांसाठी लहानसे स्नानगृह आहे. त्यातले पाणी जाईनासे झाले होते. साहेब सर्वांदेखत म्हणाले, "तुम्ही लोक इथे आंघोळी करता, म्हणून हे होतं." बाबा गप्प राहिले. मग एक मेकॅनिक आला. त्याने झाकणसुद्धा न उघडता पंप गेला म्हणून सांगितले. नवा पंप बाबांच्या पगारातून आणायचा असे ठरले. रविवारी पाहुणे यायचे होते आणि मी पोचलो तो शुक्रवार होता.

आपल्या घरच्या मोरीला उतार दिला की काम झाले; पाणी आपोआप परसातल्या अळवाला जाते. त्या बोटीचे तसे नाही. तिच्या स्नानगृहाची जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथे भोक पाडले तर पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येईल. म्हणून आंघोळीचे पाणी आधी फळीखालच्या एका पेटीत साठते. पेटीत एक तरंगता खटका असतो. पाणी चढले की तो उचलला जातो, बारा व्होल्टच्या बॅटरीची वीज पंपाला मिळते आणि पंप ते पाणी नळीने वर चढवून समुद्राच्या पातळीच्या वरच्या भोकातून बाहेर टाकतो. पाणी उतरले की खटका खाली येतो आणि पंप बंद होतो.

बाबांनी माहितीपुस्तिका माझ्या हाती दिली. दुसऱ्याच पानावर मी 'इंपेलर' या शब्दाशी अडलो. बाबांनी चित्रावर बोट ठेवले. "हे होय? ही पंपातली फिरकी." पुढे मी शब्द वाचावा आणि त्यांनी चित्र पाहून अर्थ सांगावा, असे आमचे चालले. पुस्तिकेत एक गोष्ट मात्र स्पष्ट होती : पंपाला दोष देण्यापूर्वी खटका हाताने उचलून पाहा, मग फ्यूज पाहा, मग तारा पाहा.

बाबांनी पेटीचे झाकण काढले. पाणी काठोकाठ होते आणि त्यावर साबणाचा करडा थर. एलिफंटाच्या लाँचा जवळून गेल्या की बोट डुले आणि ते पाणी आमच्या मांडीवर येई. डब्याने ते उपसले. खटका उचलला, पंप गप्प. फ्यूज शाबूत होता. मग बाबांनी जुन्या बल्बला दोन तारा जोडून केलेला आपला दिवा काढला. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी खटक्यापाशी, दिवा लागला. खटका उचलून त्याच्या पुढच्या तारेला लावली, तरी लागला. पंपापाशी मात्र लागेना. म्हणजे दोष मधल्या जोडात! चिकटपट्टी सोडवली तर आत तांब्याचा हिरवा भुगा. पाणी तुंबून वर चढले होते आणि जोड कित्येक दिवस त्यात बुडून राहिला होता.

पण पाणी तुंबले कशाने? पंपाच्या तोंडावरची जाळी बाबांनी बाहेर काढली. तिच्यात केसांचा गुंता होता. हातभर लांब, टोकांकडे तांबूस रंगवलेले केस. बाबांचे डोके तर बारा महिने मशिनने कापलेले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते जाळी ब्रशने घासत राहिले.

कुजलेली तार कापून नवा जोड केला, तो पेटीच्या वर उंच बांधला. "आता फवारा सोडून बघू," मी म्हणालो. बाबांनी बादली आणली. फवारा सोडायला ते तयारच होईनात. दुसरी बादली ओतताच खटका उचलला, पंप घुरघुरला आणि बाहेर समुद्रात धार पडल्याचा आवाज आला. नवा पंप लागणार नव्हता.

बोटीवर कामाची वही असते. साहेबांना मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून मी इंग्रजीत लिहावे असे ठरले. बाबा सांगू लागले, "जाळी तुंबली होती, जोड खराब झाला होता, दुरुस्त केला."

"केसांचं लिहू?"

"नको. त्यांच्या घरच्या बायामाणसांचे केस ते. त्यावर आपण काय लिहायचं?"

"पण आळ तुमच्यावर आला ना, बाबा?"

"पंप चालू झाला. संपलं."

मी लिहू लागलो. बाबांचे तीन मुद्दे लिहिले आणि चौथे वाक्य माझे घातले : जाळीत स्त्रियांचे लांब केस अडकले होते; खलाशी हे स्नानगृह वापरत नाहीत. बाबांनी खाली मराठीत सही केली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होते.

रविवारी पाहुणे आले, गेले. त्या महिन्याचा पगार पुरा मिळाला. साहेबांनी वही वाचली की नाही, कळले नाही. ते काही बोलले नाहीत. बाबांनाही मी अजून काही सांगितलेले नाही. हा अंक आमच्या घरी जाईल. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवली की बाबा सुट्टीवर येतात, आणि हाती पडेल ते मराठी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.