कुलूप 321

दिवाळीत बुऱ्हाणपूरला गेलं की काका आम्हा भावंडांना जिओकॅशिंगसारखं कोडं घालतात. यंदाचं आकाशातलं होतं: तीन आकड्यांचं कुलूप लावलेली पेटी.

पहिला आकडा जामा मशिदीत. आदिलशाह फारुकीच्या या मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात चक्क पंचांग! शके 1511, पौष शुद्ध दशमी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र. 1511 मध्ये 78 मिळवले की 1589 येतं. पण पौष जानेवारीत सरकतो, म्हणून तारीख 5 जानेवारी 1590. अश्विनी, भरणी, कृत्तिका. म्हणजे 3.

पुढची खूण: 'असीरगडाच्या माथ्यावर ध्रुवाची उंची किती अंश?' तीही भरदुपारी! ताईने पुस्तकं चाळली. ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ तितक्याच अंशांवर दिसतो, जितके त्या जागेचे अक्षांश. वीसेक किलोमीटर गाडीने, मग धापा टाकत चढ. वर फोनने वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांना विचारून सांगितलं, 21 अंश आणि थोडं. (गडावर काही लपवलेलं नव्हतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत लपवूही नये.)

पेटी काकांच्या पलंगाखालीच होती. आत त्यांची जुनी दुर्बीण. काचबिंदूने त्यांना आता तारे दिसत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं.

रात्री गच्चीवर काकांनी विचारलं, "नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकेत किती दिसतात रे?"

"सहा."

"मला सात दिसायचे. आता दुर्बीण लाव आणि मोजून सांग."